परत न आलेले फोटो

ताईचा फोटो तुमसरच्या स्टुडिओत काढला तेव्हा त्याच्या तीनच प्रती बनवल्या होत्या. स्थळ आलं की माहितीच्या कागदासोबत एक प्रत मध्यस्थाच्या हाती जायची. जुळलं नाही तर ती परत यायलाच हवी, हा आईचा नियम होता. आमच्या विणकरांच्या आळीत बहुतेक घरी तो पाळत, पण आईइतका कडक कोणी नाही. पोरीचा फोटो परक्या घरात पडून राहिला तर कोणाच्या हाती लागेल आणि कोण काय बोलेल, याची तिला धास्ती वाटे. एका स्थळाचा नकार येऊन महिना झाला तरी फोटो आला नाही, तेव्हा तिने बाबांना मागावरून उठवलं आणि भर उन्हात सायकलीने त्या गावी पाठवलं. बाबा संध्याकाळी परतले. फोटो शर्टाच्या आतल्या खिशात होता. आईने तो पदराने पुसून ट्रंकेत ठेवला.

"आता तिन्ही घरी हायेत," ती म्हणाली. "आता जेवण जाईल मले."

हे आधी सांगितलं, कारण पुढे मी जे केलं त्याची भीती या नियमाशिवाय कळणार नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. बी.ए. झाल्यावर तुमसरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आधी शिकले आणि मग तिथेच शिकवायला लागले. क्लासच्या सरांनी माझ्याकडून कधी ओळखपाळख किंवा शिफारस मागितली नाही. "तुझी वही चांगली आहे," एवढंच म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा हातात दिला. ते उपकार मी विसरलेले नाही. रोज सकाळच्या एसटीने मी गावाहून यायची. भारनियमनाचे दिवस होते. वीज असली की शिकवायचं, नसली की मुलामुलींना वहीत कीबोर्ड काढायला सांगायचं.

विद्यार्थी नसले की सर मला इंटरनेट वापरू देत. तिथे मला मराठी माणसांचा एक फोरम सापडला. कोणी पुण्याहून लिही, कोणी परदेशातून. एकाने विषय काढायचा आणि बाकीच्यांनी त्याखाली उत्तरं द्यायची. बऱ्याच जणांच्या लिखाणाखाली एक लांबट, बोटभर उंचीची चित्रपट्टी असायची. तिला तिथे सही म्हणत. फुलं, डोंगर, पणत्या, त्यावर त्या माणसाने घेतलेलं टोपणनाव. मला ती पट्टी फार हवीशी वाटली. मी असं टोपणनाव घेतलं की मुलगी की मुलगा ते कळू नये.

क्लासच्या कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचा प्रोग्राम होता, पण सरांनाही त्यातलं थोडंच येत होतं. मी त्याला घाबरायची. एखादं चुकीचं बटण दाबलं तर सरांचा कॉम्प्युटर बंद पडेल आणि किल्ल्या परत द्याव्या लागतील, असं वाटे. म्हणून प्रत्येक पायरी वहीत लिहायची: इथे क्लिक केलं, असं झालं, पुन्हा पहिल्यासारखं करायला हे. फोरमवर एक वयस्कर बाई नवशिक्यांना शिकवायच्या. लेयर म्हणजे काय, हे त्यांनीच समजावलं. काचेवर काच ठेवावी तसं एका चित्रावर दुसरं ठेवायचं. प्रत्येक लेयरसमोर डोळ्याचं एक छोटं चित्र असतं. त्यावर क्लिक केलं की तो लेयर दिसेनासा होतो.

एक गोष्ट मात्र मला न शिकवता आली. चित्र खूप मोठं केलं की त्याचे चौकोन दिसायला लागतात आणि एकेका चौकोनात रंग भरता येतो. बाबा किनारीचा नमुना ग्राफच्या कागदावर असाच बसवत. करवतकाठी साडीच्या किनारीला करवतीसारखे दाते असतात. चौकोन मोजून एकेक दाता चढवायचा आणि उतरवायचा. लहानपणी मी त्या कागदावर लाल पेन्सिल फिरवून दिली होती. त्यामुळे पट्टीला किनार काढायला बसले तेव्हा पहिल्यांदाच त्या प्रोग्रामची भीती वाटली नाही. चारपाच जणांनी माझ्याकडून तशा पट्ट्या बनवून घेतल्या.

मग फोरमचा वाढदिवस आला. सगळ्यांनी आपापल्या भागाचं काही दाखवणारी पट्टी बनवायची, असं ठरलं. मला बाबांची खरी किनार दाखवायची होती. बाबांनी विणलेली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी आमच्या घरात एकही नव्हती. मागावरून उतरली की ती व्यापाऱ्याच्या पेढीवर जायची. फक्त ताईच्या फोटोच्या दिवशी त्यांनी नवी साडी तासभर तिला नेसू दिली होती. नंतर स्वतः बसून, जुन्या घडीवर घडी घालून, ती दुसऱ्या दिवशी पोचती केली. म्हणजे ती किनार आमच्याकडे उरली होती ती त्या फोटोतच.

तेव्हा एक प्रत जवाहरनगरच्या स्थळाकडे गेलेली होती. मुलगा नोकरीवर होता, घरचे लोक बरे होते, आणि ते येत्या रविवारी ताईला बघायला येणार होते. ट्रंकेत दोन प्रती होत्या. त्यातली एक मी कोणाला न विचारता वहीत घालून नेली, क्लासच्या स्कॅनरवर ठेवली आणि संध्याकाळी परत जागेवर ठेवली. आईच्या मोजणीत काही फरक पडला नाही.

पट्टी छान झाली. फोटोतला पदराचा काठ कापून मोठा केला, दाते स्वच्छ केले, खाली कोशाचा मधाळ रंग भरला. ताईचा पूर्ण फोटो असलेल्या लेयरचा डोळा बंद केला. तो दिसेनासा झाला, म्हणजे गेला, असं मी धरून चालले. फोरमवरच्या बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं की नुसतं चित्र टाकू नका, लेयर असलेली मूळ फाइल टाका, म्हणजे नव्यांना उघडून शिकता येईल. मंगळवारी मी ती टाकली. खूप कौतुक झालं. माझ्या बाबांच्या हातची किनार आहे, असंही मी लिहिलं.

गुरुवारी सकाळी क्लास उघडला आणि फोरम लावला तर बाईंचा खाजगी निरोप होता. त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या फाइलमध्ये खालचा फोटो तसाच आहे. डोळा उघडला की पूर्ण दिसतो. त्यातल्या ताई फार गोड आहेत, पण त्यांना विचारलंय ना?"

मी दुसऱ्यांदा वाचत होते तेवढ्यात वीज गेली.

दहा वाजले होते. त्या आठवड्यात वीज चार वाजता यायची. मी खुर्चीतून उठले नाही. काळ्या पडद्यात माझाच चेहरा दिसत होता. सहा तास ताईचा फोटो तिथे उघडा पडून राहणार होता आणि मला काही करता येणार नव्हतं. मुली आल्या. त्यांना कीबोर्ड काढायला लावला आणि एका मुलीच्या वहीत मीच अक्षरं चुकवली. डबा उघडला नाही. मनात एकच चित्र येत होतं. रविवारी जवाहरनगरची माणसं बसली आहेत, त्यातलं कोणीतरी म्हणतं, ही पोरगी तर नेटवर पाहिली. मग बाबा खाली बघतात. त्या काळी आमच्याकडे 'नेटवर फोटो आहे' या वाक्याचा एकच अर्थ घेतला जायचा. कोणी टाकला, का टाकला, हे विचारायला कोणी थांबलं नसतं.

सर दुपारी आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं नाही का? घरी जा." मी नाही म्हणाले. त्यांना सांगावंसं वाटलं, पण किल्ल्यांचा जुडगा टेबलावर होता, आणि मी मुलींच्या वह्या तपासायला घेतल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी वीज आली. टेलिफोनवरून चालणारं ते इंटरनेट दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा मी लगेच फाइल काढून टाकली. काढताना तिच्याखालचा आकडा वाचला. फाइल अकरा वेळा उतरवून घेतली गेली होती.

अकरा माणसांच्या घरी ताई होती. बाबांना सायकलीने पाठवता येईल असं एकही गाव त्यात नव्हतं.

मी फोरम चालवणाऱ्यांना विचारलं. कोणी उतरवली ते समजत नाही, असं उत्तर आलं. मग जाहीर लिहायचं का, हा प्रश्न उरला. लिहिलं असतं तर ज्यांनी तो डोळा उघडलाही नव्हता त्यांनी उघडून पाहिला असता. नाही लिहिलं असतं तर फाइल सगळ्यांकडे तशीच राहिली असती. साडेपाचची एसटी गाठायची होती. शेवटी मी खालचा फोटो कायमचा काढून नवी फाइल बनवली आणि लिहिलं, पहिल्या फाइलमध्ये चूक राहिली आहे, कृपया ती पुसून ही घ्या. हे खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

शनिवारपर्यंत सहा जणांनी 'पुसली' म्हणून कळवलं. पाच जण बोलले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी ताई ओसरीत बसून बाबांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. आई शेजारी दूध सांगायला गेली होती. मी ताईजवळ बसले आणि सगळं सांगितलं. तिचा हात चरख्यावर थांबला.

"ट्रंकेतून नेला? मले न पुसता?"

"हो."

"काहून वं असं केलं?"

मी किनारीचं सांगितलं. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. मग तिने तुटलेलं सूत जोडलं आणि विचारलं, "त्या पाचामंदी जवाहरनगरचं कोणी हाये का?"

"माहीत नाही, ताई."

"आईले सांगजो नको," ती म्हणाली. "उद्या होऊन जाऊ दे."

तिचा चेहरा उतरला होता. तोवर भीती माझी एकटीची होती. आता ती मी ताईला नेसवली होती, तेही बघण्याच्या आदल्या दिवशी. सांगायला नको होतं, असं आजही कधी कधी वाटतं.

रविवारी पाच माणसं आली. मुलगा, त्याचे आईवडील, मामा आणि धाकटा भाऊ. पोहे झाले. ताई खाली बघून बसली होती, तिच्या पायाची बोटं सतरंजीत रुतलेली मला दिसत होती. धाकटा भाऊ ताईकडे एकदा बघायचा, एकदा माझ्याकडे. मी चहाचा ट्रे घेऊन पुढे झाले तर तो म्हणाला, "तुम्ही कॉम्प्युटर शिकवता म्हणे?"

"हो."

"मग नेटवरबी बसत असाल."

ताईने मान वर केली नाही. मी हो म्हणाले की नुसती मान हलवली, आठवत नाही.

"मले शिकाचं आहे," तो म्हणाला. "फोटो बनवाचं. आमच्याकडं क्लासवाले नुसते फी घेते अन् कीबोर्ड काढाले लावते."

सगळे हसले. बाबाही हसले. मी ट्रे घेऊन आत गेले आणि चुलीपुढे बसून राहिले. आई मागून आली. "रडून काहून राहिली?" तिने विचारलं. मी धूर लागला म्हणाले. चूल तर विझलेली होती, पण ती घाईत होती.

लग्न जुळलं. मार्गशीर्षात झालं. पाठवणीनंतर आईने ट्रंक उघडून दोन प्रती पाहिल्या, तिसरी ताईच्या सासरी होती. "दोन इथं, एक तिथं," ती बाबांना म्हणाली. "आता कोणाच्या दारी जाणं नाही." बाबांनी मान डोलावली. मी दारात उभी होते. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. आई असेपर्यंत ते तसंच राहिलं.

ताईचे यजमान चांगले निघाले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिने त्यांना स्वतःच सांगितलं. ते म्हणाले, एवढंच ना. त्यांना ते एवढंच वाटलं, याचं मला आजही बरं वाटतं.

पुढे तो फोरम बंद पडला. मी दुसऱ्या नोकरीला लागले. आता रोज चित्रांचंच काम करते, तरी कुठलीही फाइल बाहेर पाठवण्याआधी एकेक लेयरचा डोळा उघडून बघते. सोबतचे हसतात.

ताई माहेरपणाला आली की पहिल्या दिवशी, बॅग खाली ठेवता ठेवता, आईच्याच सुरात विचारते, "आले का वं पाच?"

"नाही आले," मी सांगते.

ती हसते. पण उत्तर येईपर्यंत ती माझ्याकडे बघत थांबलेली असते, आणि मी तिच्या नजरेला नजर देत नाही.