सात रस्त्यावरचा हवेचा फळा

"ही बघा बाई, तुमची स्वच्छ हवा!" असं म्हणत राजम्मानं सुताची ओली लड माझ्या टेबलावर आपटली.

पांढऱ्या सुतावर काळे ठिपके पडले होते. मी बोटानं एक पुसायला गेले तर तो आणखीच पसरला.

"पुसू नका. खळीचं सूत हाय. एकदा काजळी बसली की धुऊन बी जात न्हाय."

विणण्याआधी सुताला बळकटी यावी म्हणून पिठाची पेज लावतात, तिला खळ म्हणतात. ओली खळ चिकट असते. हवेतून जे येईल ते ती धरून ठेवते. राजम्मा गिरणीमागच्या गल्लीत राहायची. नवरा गेल्यापासून पांढऱ्या सुताला खळ लावायची, ते दारात बांबूवर वाळवायचं आणि शेठकडे पोचवायचं, यावर तिचं घर चालत होतं. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखी सोलापुरी मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम.

"शेठ काय म्हणाला?"

"म्हनला, आता एकच खेप देतो. त्यावर डाग आला तर पुन्हा दारात येऊ नको. अय्यो, मी तुमचा फळा वाचून सूत घातलं की! 'हवा स्वच्छ' लिवलं होतं. कशाला लिवता मग?"

मला राग आला. तिचा नव्हे, फळ्याचा. कारण फळा माझा होता.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात आरोग्य खात्यात हेल्थ एज्युकेटर होते. नाव भारदस्त, काम साधं: डॉक्टर जे सांगतात ते लोकांच्या गळी उतरवायचं. देवीची लस, मलेरिया, कुटुंबनियोजन. टांग्यावर कर्णा बांधायचा, पडद्यावर सिनेमा दाखवायचा, आणि शिव्या खायच्या. त्या हिवाळ्यात आमच्या डॉक्टरसाहेबांनी नवीनच टूम काढली. गिरणीच्या आसपास खोकल्याचे पेशंट वाढले होते. कॉलेजात फिजिक्स शिकवणारे हिरेमठ सर त्यांचे मित्र. सर गच्चीवर वारा आणि थंडी मोजायचे आणि उद्या सकाळी धूर खाली बसणार की वर जाणार, हे आदल्या दिवशी सांगायचे. साहेब म्हणाले, "पावसाचा अंदाज सांगतात, तसा आपण धुराचा सांगू. दम्याचे लोक त्या दिवशी दारं लावून बसतील. बाई, प्रचार तुमचा."

मी सरांना विचारलं, "हे कळतं कसं हो?"

सरांना कुणी विचारायची खोटी, लगेच खुलायचे. अक्कलकोटकडचे होते, बोलताना मधेच कानडी हेल यायचा. "हे बघा, थंडीत पहाटे जमिनीजवळची हवा गार, म्हणून जड. तिच्यावर उबदार हवेचा थर. पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं. चिमणीचा धूर त्या झाकणाखालीच फिरतो. त्यात पूर्वेकडून मंद वारा असला की सगळं तुमच्या त्या गल्लीत. वारा जोराचा असेल तर झाकण मोडतं आणि धूर गावाबाहेर जातो."

मला पटलं. सात रस्त्यावर, जिथं सगळं गाव दिवसातून एकदा तरी येतंच, तिथं मी फळा लावला. त्यावर रोज संध्याकाळी दोनपैकी एक वाक्य लिहायचं: 'उद्या काजळी पडेल' किंवा 'उद्या हवा स्वच्छ'. टांग्यातून पुकारा केला. पण नुसतं सांगून कोण ऐकतंय? धूर तर रोजचाच. मग संक्रांत जवळ आली तसं मला सुचलं. हळदीकुंकू करायचं, आणि वाण म्हणून प्रत्येकीला एक पांढरा रुमाल द्यायचा. फळ्यावर काजळी लिहिलेली असेल त्या रात्री रुमाल गच्चीवर अंथरायचा आणि सकाळी बघायचा. आपला अंदाज प्रत्येकीनं आपल्या डोळ्यांनी तपासायचा. साहेब खूश. रुमालांचं कापड मी गिरणीच्याच दुकानातून आणलं, कारण तिथं ते चांगलं मिळायचं.

गल्लीगल्लीत लहान लहान हळदीकुंकवं झाली. बायका हौसेनं रुमाल अंथरू लागल्या. आणि इथंच घोटाळा सुरू झाला. काजळी लिहावी, तर रुमाल सकाळी पांढरेशुभ्र. स्वच्छ लिहावं, तर वाळत घातलेली लुगडी काळी. बायका मला बघून पदराआड हसायला लागल्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "बाई, तुमचे सर फळा उलटा धरून लिहितात का?"

त्यात आता राजम्माची ही लड.

मी ती कागदात गुंडाळली आणि तडक कॉलेज गाठलं. सरांनी भिंग काढून ठिपके पाहिले. "हे साधे कण नाहीत. पापुद्रे आहेत, जाड आणि जड. जोराच्या वाऱ्यातही जवळच पडणार. पण एवढे जाड आले कुठून?"

"ते मला काय विचारता? अंदाज तुमचा!"

"माझा अंदाज पूर्वी चुकत नव्हता हो," सर कळवळून म्हणाले. "गेल्या हिवाळ्यात मी एकटाच बघत होतो, तेव्हा बहुतेक वेळा बरोबर यायचा. आता मात्र चुकतो, आणि तोही नेमका उलटा. नुसता चुकला असता तर समजलं असतं. दर वेळी उलटा कसा?"

ही गोष्ट मला रात्रभर पुरली. वारा तोच, थंडी तीच, गिरणी तीच, सरही तेच. गेल्या वर्षी नव्हतं आणि या वर्षी आहे असं काय? सकाळी चहा गाळताना एकदम डोक्यात आलं: माझा फळा! बाकी काहीच बदललेलं नव्हतं.

फळा वाचून धूर थोडाच वागतो? पण धूर सोडणारा वाचत असला तर? मी गिरणीच्या मॅनेजरना भेटायला गेले. निमित्त होतं आमंत्रणाचं. साहेबांनी गिरणीमागच्या पटांगणात मोठं हळदीकुंकू ठरवलं होतं. मुंबईहून खात्याचे मोठे साहेब सपत्नीक येणार होते आणि त्यांना काळे झालेले रुमाल दाखवायचे होते.

मॅनेजर मोठे अगत्यशील निघाले. चहा मागवला. म्हणाले, "तुमचा फळा आम्ही रोज वाचतो. माणूस पाठवून वाचून घेतो."

"कशासाठी?"

"सहकार्य म्हणून! बॉयलरच्या नळ्यांत काजळी साचते. ती वाफेच्या झोतानं उडवावी लागते, त्याला आम्ही ब्लोइंग म्हणतो. पूर्वी रोज पहाटे करायचो. आता तुम्ही काजळी लिहिता त्या दिवशी करत नाही. बायका गच्चीवर रुमाल अंथरून बसलेल्या. आपलं नाव कशाला खराब करून घ्या?"

"मग करता कधी?"

"हवा स्वच्छ लिहिता त्या दिवशी. साठलेलं सगळं एकदम काढून टाकतो. त्या दिवशी हवा चांगली असते, हे तुम्हीच लिहिता ना?"

मी कपाळावर हात मारायची तेवढी राहिले. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, तो आमचं ऐकतोय! साठलेली काजळी जाड पापुद्र्यांनी निघत होती आणि राजम्माच्या सुतावर बसत होती.

"साहेब, मग ब्लोइंग करूच नका की!"

"नळ्या चोंदतील, बाई. गिरणी बंद पडेल. त्यापेक्षा असं करू," ते पुढं झुकून म्हणाले. "तुमच्या कार्यक्रमाच्या पहाटे मुद्दाम करतो. रुमाल असे काळे होतील की मुंबईचे साहेब बघत राहतील."

"नको!" मी इतक्या जोरात म्हणाले की चहा आणणारा दचकला. "फळा वाचा आणि आतापर्यंत वागलात तसंच वागा."

गल्लीत जाऊन मी राजम्माला सगळं सांगितलं. ती डोळे बारीक करून ऐकत होती. "म्हंजे काजळी लिवली की सूत घालायचं?"

"आतापर्यंत तरी तसंच झालंय."

"मग लिवा की! शेठनं शेवटची खेप दिली हाय. भिजवू का?"

मी सरांकडे गेले. सरांनी मान हलवली. "खोटं मी लिहिणार नाही. उद्या वारा जोराचा निघाला तर स्वच्छच लिहीन."

"लिहू नका खोटं. खरं काय ते सांगा."

सरांनी गच्चीवर जाऊन वारा बघितला, थर्मामीटर बघितला, तोंडातल्या तोंडात कानडीत काही पुटपुटले आणि खाली आले. "उद्या झाकण आहे. वारा मंद, पूर्वेचा. काजळी."

दुसऱ्या दिवशीच कार्यक्रम होता. मी स्वतःच्या हातानं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'उद्या काजळी पडेल'. राजम्मानं सूत खळीत बुडवलं. ते भिजलं की सकाळी वाळत घालावंच लागतं, नाहीतर कुबट होऊन वाया जातं.

ऑफिसात परत आले तर साहेब हात चोळत उभे. "बाई, गिरणीच्या मॅनेजरांचा फोन होता. उद्या पहाटे मुद्दाम ब्लोइंग करतो म्हणाले. केवढं सहकार्य!"

"तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो. का?"

मी त्यांना राजम्माचं सांगितलं. शेठचं सांगितलं, भिजलेल्या सुताचं सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला.

"अहो, पण मोठे साहेब येणार. पांढरे रुमाल दाखवू त्यांना? अंदाज चुकला म्हणून योजना बंद होईल."

"आणि बरोबर ठरवायला त्या बाईचं सूत काळं करायचं? आपण आरोग्य खातं आहोत की काजळी खातं?"

साहेबांनी टोपी घातली आणि निघून गेले. वरिष्ठांशी असं बोलल्याबद्दल आता मेमो येणार, अशी मनाची तयारी करून मी घरी गेले. मेमोचं एवढं वाटत नव्हतं. राजम्माला मी सूत भिजवायला सांगून बसले होते, ते मात्र जिवाला लागलं होतं.

पहाटे गल्लीत गेले तर बघतच राहिले. राजम्मा एकटी नव्हती. बातमी घरोघर गेली होती. दारादारात बांबू, बांबूंवर ओलं पांढरं सूत. फळ्यानं काजळी सांगितलेल्या दिवशी सबंध गल्लीनं सूत वाळत घातलं होतं! एकीचं वाया जाण्याची भीती होती, आता सगळ्यांचंच टांगणीला लागलं होतं.

गिरणीचा भोंगा झाला. बायका मान वर करून चिमणीकडे बघू लागल्या. सरही आले होते, मफलर गुंडाळून. चिमणीतून धुराची बारीक रेघ निघाली, वरच्या वर वाकली आणि विरली. आम्ही वाट बघितली. काहीच आलं नाही. ऊन आलं. राजम्मानं लडीवरून हात फिरवला आणि तळवा माझ्यासमोर धरला. स्वच्छ होता.

मोठे साहेब आले. हळदीकुंकू झालं. रुमाल आणले, एक एक उलगडला, सगळे बगळ्यासारखे पांढरे. मोठ्या साहेबांनी हिरेमठ सरांकडे बघून विचारलं, "अंदाज काय होता आपला?"

"काजळी," सर जमिनीकडे बघत म्हणाले.

कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेवढ्यात राजम्मा पुढं आली आणि तिनं सरांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या सर, आणि रोज काजळी काजळी बोला!"

सगळ्या बायका खळाळून हसल्या. सरसुद्धा हसले. मला मात्र रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच कुंकवाचा करंडा शोधू लागले.

डॉक्टरसाहेब माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "काल घरी जाताना फोन केला मीच मॅनेजरांना, नको म्हणून. पण बाई, एखादा तरी रुमाल काळा निघायला हवा होता हो."

राजम्माची खेप शेठनं घेतली आणि पुढची दिली. पण फळ्याच्या जिवावर कायम राहता येणार नव्हतं. सरांना आणि मला घेऊन साहेब मॅनेजरांकडे गेले. सरांनी टेबलावर कपबशी ठेवून झाकण म्हणजे काय ते समजावलं. दुपारी ऊन तापलं की झाकण उडतं, धूर सरळ वर जातो, आणि तोवर सूत वाळून घरात गेलेलं असतं. ब्लोइंग रोज करा, साठवू नका, फक्त दुपारी करा. मॅनेजरांनी विचारलं, "एवढंच? मग आधीच लिहायचं ना फळ्यावर!"

त्या दिवसापासून ब्लोइंग दुपारी होऊ लागलं. सर वारा मोजतच राहिले, मी काजळी लिहीतच राहिले, आणि काजळी काही पडेना. दवाखान्यात त्या गल्लीतले खोकणारे कमी दिसू लागले. उन्हाळा लागला तशी वरून योजना बंद करण्याची ऑर्डर आली. कारण एका ओळीत दिलं होतं: अंदाज वारंवार चुकीचे ठरल्यामुळे.

साहेबांनी विचारलं, "बाई, हरकत नोंदवायची का?"

मी म्हटलं, "कशाला? खरंच आहे की ते," आणि मिळाल्याची सही केली.