दसऱ्याचं उड्डाण

त्या विमानानं पहिलं रक्त काढलं ते जमिनीवरच. इंजिन दोरी ओढून चालू करायचं होतं. नवऱ्यानं दोरी ओढली, इंजिननं उलटा हिसका दिला आणि त्याचा हात खेचून लोखंडी चौकटीवर असा आपटला की मनगटाची कातडी सोलून निघाली. मी किंचाळले. माझा सख्खा भाऊ मात्र शेजारी टाळ्या पिटत होता. "धडधडलं! दाजी, धडधडलं बघा!" आणि नवराही रक्त गळता हात झटकत हसत होता. असले हे दोघे.

आम्ही साताऱ्याकडचे, पण तोवर चेन्नईत चांगले मुरलो होतो. मी बँकेत, टी. नगरला राहायला. नवरा इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, दादा आवडी नावाच्या उपनगरात संरक्षण खात्याच्या कारखान्यात. दादानं सुट्ट्या घालवून छोटं विमान उडवायचं शिक्षण घेतलं आणि तिथून हे खूळ शिरलं. परदेशातून विमानाचे भाग पेट्यांत भरून आले. नवऱ्याच्या ओळखीच्या एका तमिळ लेथवाल्याच्या शेडमध्ये दोघं दोन वर्षं रविवारचे रविवार ते जोडत बसले. इंजिन नवऱ्याचं, उडवणं दादाचं, आणि इंजिनच्या कंपनीला इंग्रजीत ई-मेल लिहायचं काम माझं.

पहिलं उड्डाण दसऱ्याला ठरलं. "सीमोल्लंघन करतो बघ," दादा म्हणायचा. आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे तिकडची आयुधपूजा. लेथवाल्यानं यंत्रांना हार घातले, उंबऱ्यावर कोहळा फोडला. आमचं विमानही सोडलं नाही. दादानं वाटीभर गंध कालवलं, चांगलं घट्ट, आणि पंखा, चाकं, इंजिन, टाकी, सगळीकडे बोटानं ठसे दिले, वर कुंकू लावलं. नवरा म्हणाला, "अहो, पुरे, विमान आहे, नवरी नाही." दादा कसला ऐकतोय! मी चाकाखाली लिंबं ठेवली आणि हात जोडले.

सकाळी शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर दादानं जाकीट चढवलं, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेला. उठलं की हो विमान! नारळाच्या झाडांवरून गेलं, वळलं, आणि वळता वळता आवाज गुदमरला. एकदा खोकला, दोनदा खोकला आणि बंद. ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. विमान काटेरी बाभळींच्या रानात घुसलं आणि काड्या मोडल्यासारखा कडकडाट आला.

मी चप्पल टाकून धावले. दादा विमानाच्या वाकलेल्या नळ्यांत अडकला होता. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला, हाड बाहेर. तो आईच्या नावानं ओरडत होता. नवरा आधी टाकीकडे गेला, झाकण फिरवून पेट्रोल बरोबरच्या कॅनमध्ये काढू लागला, कारण एक ठिणगी पडली असती तर सगळेच गेलो असतो. पण ते मला तेव्हा कुठे कळायला! मी त्याच्या पाठीत गुद्दे घातले. "आधी माझ्या भावाला काढा! तुमचं इंजिन गेलं मसणात!" शेतातल्या लोकांनी कोयत्यानं पट्टे कापले आणि दादाला खाटेवर घालून नेलं.

दोन ऑपरेशनं झाली. पायात सळई बसली. दवाखान्यात वहिनी माझ्याकडे पाहीनात, आणि दादा भुलीतून बाहेर आल्याआल्या म्हणाला, "कुणाच्या चुकीनं झालं ते मला कळलं पाहिजे." इंजिन नवऱ्यानं जोडलं होतं, तेव्हा दादा कुणाकडे बघत होता हे सांगायला नको. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला माहेर. चेन्नईत माझं माहेर म्हणजे हा एकटा दादाच. आई-वडील कधीच गेले होते. इंजिनमध्ये कंपनीचाच दोष निघू दे, एवढं एकच मी देवाकडे मागत होते.

कंपनीला मी अशी इंग्रजी झोडली की बँकेतल्या साहेबानंही दचकावं. उत्तर काय आलं? आमच्या माहितीपुस्तकाचं पहिलं पान वाचा, हे इंजिन कधीही बंद पडू शकतं असं आम्ही आधीच लिहिलंय. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. इंजिन विकता की लॉटरीचं तिकीट, असं मी लिहिलं. शेवटी त्यांनी फोनवर बोलायचं कबूल केलं. हॉलमध्ये स्पीकर लावला. तिकडचा माणूस आवाज न चढवता बोलत होता. पंप, ठिणगी, तेल, एकेक विचारत गेला. नवऱ्यानं सांगितलं की घरी आणल्यावर इंजिन एका ओढीत चालू झालं, त्याला काही झालेलं नाही. मग त्या माणसानं विचारलं, "अपघातानंतर टाकीचं झाकण कुणी उघडलं? उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला होता का?"

मी नवऱ्याकडे बघतेय. "आला होता," तो म्हणाला. तिकडचा माणूस म्हणाला, "झाकणाला टाचणीएवढं भोक असतं, हवा आत जायला. ते बुजलं तर पंप पेट्रोल ओढतो, ओढतो, आणि मग ओढू शकत नाही. ते भोक बघा."

नवरा उठला. गॅलरीत मोडक्या सामानाच्या ढिगात झाकण होतं. त्यावर गंध दगडासारखं वाळलं होतं, मधोमध दादाच्या बोटाचा ठसा आणि कुंकू. नवऱ्यानं टाचणीनं भोक मोकळं केलं, झाकण पुसलं आणि म्हणाला, "दादांना हे सांगायचं नाही. चूक माझी झाली असं मी सांगतो. त्यांचा पाय मोडलाय, वर हे नको." मी म्हटलं, "अहो, वेड लागलंय का?" तर म्हणाला, "शपथ आहे माझी."

दुसऱ्या दिवशी आम्ही आवडीला गेलो. दादा खुर्चीत, पाय पुढे, कुबड्या बाजूला. नवऱ्यानं उभ्याउभ्याच सांगितलं, "पेट्रोलची नळी माझ्याकडून नीट बसली नव्हती." दादाचा चेहरा काळाठिक्कर पडला. आजवर त्यानं दाजींना तुम्हीच म्हटलं होतं. "तू मला मारायलाच निघाला होतास!" म्हणत त्यानं कुबडी उचलली आणि बसल्या जागेवरून नवऱ्याच्या डोक्यात घातली. नवरा खाली कोसळला. दादा दुसऱ्यांदा मारायला वाकला, खुर्चीतून घसरला, आणि सळई बसवलेल्या पायावर पडून गुरासारखा ओरडला. तरी कुबडी सोडेना. पडल्यापडल्या मारत होता, खांद्यावर, बरगड्यांवर. वहिनी "वन्सं, धरा हो!" म्हणून रडत होत्या.

नवऱ्यानं हात वर केला नाही. मार खात होता नुसता. तेव्हा माझं डोकं फिरलं. शपथ गेली खड्ड्यात. मी कुबडी हिसकली, भिंतीवर आपटून मोडली आणि ओरडले, "तुझ्या बोटानं बंद पडलं इंजिन! टाकीच्या भोकावर गंध कुणी थापलं? तूच ना? हा माणूस तुझ्यासाठी मार खातोय, मूर्खा!"

दादा थांबला. जमिनीवरूनच त्यानं विचारलं, "दाजी, ही खोटं बोलतेय ना?"

नवऱ्याच्या कानावरून रक्त गळ्यात उतरत होतं. "हो," तो म्हणाला, "खोटं बोलतेय ती."

पण त्याला खोटं बोलता येत नाही, हे दादाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. दादा आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिला. मग ते बोट मुठीत धरून तो जमिनीवर कपाळ आपटू लागला आणि आम्हा तिघांना त्याला धरावं लागलं. नवऱ्याला सहा टाके पडले. मी बोलले याचं मला आजही वाईट वाटत नाही.

भाऊबीजेला दरवर्षी तो माझ्याकडे यायचा. त्या वर्षी मी गेले. टी. नगरच्या गर्दीतून ताट पिशवीत धरून नेलं, सोबत डोक्याला पट्टी बांधलेला नवरा. वहिनींनी पाट मांडला, पण दादाला खाली बसता येईना, म्हणून खुर्चीतच बसवलं. नवऱ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. मी निरांजन लावलं आणि कुंकवात बोट बुडवलं. तो अंग चोरून मागे सरला. "नको," म्हणाला, "मला नको लावूस."

मी त्याची हनुवटी पकडली. तो मान झटकू लागला, एवढा मोठा बाप्या, डोळ्यांतून पाणी, आणि एका हातानं माझं मनगट आवळलेलं. माझ्यात त्याच्याएवढं बळ नव्हतं. मागून नवरा आला आणि त्यानं दादाचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"लाव," नवरा मला म्हणाला. मी लावलं.