साठवलेल्या सुट्ट्या

जवळा निवडायचं काम, ते मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं. सकाळी उंबऱ्यात पेपर पसरून बसलो होतो. मी निवडलेला ती परत निवडायची. म्हणाली, "डोळे गेटवरच ठेवून आलाव काय?"

पनवेलबाहेरच्या एका गोदामाच्या गेटवर मी वॉचमन. त्या दिवशी माझी सुट्टी होती. पण दुसरा वॉचमन आला नाही म्हणून मला बोलावलं. ती म्हणाली, "आज नका जाव. छातीत जड वाटतंय." मी म्हटलं, जाऊ दे, साठवलेली बारावी सुट्टी होईल.

गेल्या वर्षी दुसरा माणूसच नव्हता, तेव्हा अकरा सुट्ट्यांना मी कामावर गेलो. तेवढ्या सुट्ट्या नंतर मिळतात, हे ठाऊक होतं. बरणीत लोणचं राहतं तशा राहतील असं धरलं आणि कॅलेंडरवर गोल करत गेलो. सगळ्या एकदम घेऊन करंजाला, तिच्या माहेरी जायचं होतं. ती म्हणायची, एकेक घ्या आणि माझ्यापाशी बसा. मी ऐकलं नाही. गाढव माणूस मी.

दुपारी शेजारणीचा फोन आला. गेट सोपवायला कुणी नाही. सुटेपर्यंत दीड तास गेला. पोचलो तेव्हा ती गेलेली होती. संध्याकाळी तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरची गेल्या वर्षीचं आणि यंदाचं अशी दोन्ही कॅलेंडरं काढली आणि निघालो. सुतकात कुठे चाललास, म्हणून भाऊ अंगावर आला. मी थांबलो नाही. गेटवर सुपरवायझरला गोल दाखवले.

तो म्हणाला, "बाबा, बदली सुट्टी दोन महिन्यांत घ्यायची असते. जुन्या बुडाल्या. तुमच्या मागे पाटीवर लिहिलंय."

पाटी माझ्या खुर्चीच्या मागे. रोज फडक्याने मीच पुसायचो. चौथी शिकलेला मी, बारीक अक्षर, कधी वाचली नाही.

"आणि कालची?"

"ती आहे. आजच घ्या, बाबा."

तेवढी एक मिळाली. ती घेऊन कुणापाशी बसायचं? खुर्ची फिरवली, पाटीकडे तोंड केलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागलो. मालकाने ती सुट्टी मुदतीत द्यायलाच हवी, असं लिहिलं होतं. मला कुणी सांगितलं नाही. मी मान वळवून बघितलं नाही. संपल्यावर पुन्हा वरून सुरुवात केली.