मैनेचा नमस्कार

हिराबाईंचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक कुडाचं कुंपण आहे. पलीकडे त्यांचा गोठा. गोठ्यात गाय नाही, बैल नाही. एक पांढरी घोडी आहे, मैना, आणि तिच्या पोटाला टेकून झोपणारा बाजी नावाचा कानतुटका कुत्रा. मार्गशीर्षात माहुलीच्या डोंगरावरून गार वारा उतरायला लागला की बाजी पेंढ्यात शिरतो, आणि त्याच्यावर पाय पडेल म्हणून मैना उजाडेपर्यंत जागची हलत नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे. मी पहाटे देवापुढे दिवा लावते तेव्हा हिराबाई गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून, डोक्याला नवऱ्याचा मफलर गुंडाळून लीद काढत असतात.

त्यांचे मालक विठूभाऊ लग्नसराईत नवरदेवाची घोडी न्यायचे. शहापूरपासून मुरबाडपर्यंत मैनेचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. आमच्याकडे नवरदेव मांडवात जाण्याआधी मारुतीच्या पाया पडतो. देवळासमोर वरात थांबली की मैना मान खाली घालायची, थेट जमिनीला नाक लागेपर्यंत. मुकं जनावर देवाला नमस्कार करतं म्हणून बाया हात जोडायच्या, तिच्यावर अक्षता टाकायच्या. मी रोज वही लिहिते. त्या वहीत तीन लग्नांच्या तारखांखाली माझ्या हाताने लिहिलेलं आहे, "आज मैनेने मारुतीला नमस्कार केला."

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात विठूभाऊ तापाने गेले. पुढच्या हिवाळ्यात पहिली वरात आली तेव्हा हिराबाई स्वतः दोर धरून उभ्या राहिल्या. लोकांनी दोर त्यांच्या हातातून काढून घेतला. "नवरदेवापुढं पांढरं कपाळ नको," असं सरळ तोंडावर म्हणाले. मग त्यांच्या मुलाने, संदेशने दोर धरला. मैना चालली, थांबली, पण मान काही खाली गेली नाही. दुसऱ्या लग्नात तेच, तिसऱ्यात तेच. विठूबरोबर घोडीतला देव पण गेला, अशी बोलवा झाली आणि बोलावणी बंद पडली.

संदेश वाईट मुलगा नाही. हायवेवरच्या गोदामात कामाला आहे, सकाळी सहाला घर सोडतो. यंदा दिवाळीनंतर तो आईला म्हणाला, "आये, आता मैनेचा टाइम संपला. पौषात म्हसाच्या जत्रेत तिला विकायला उभी करतो."

"मी उभी राहायची बंद झाले ना, की मग तिला उभी कर," हिराबाई म्हणाल्या.

बरीच वादावादी झाली. कुंपणाला कान लावायची गरज नव्हती, सगळं ऐकू येत होतं. शेवटी ठरलं की आमच्या किशोरच्या लग्नात मैना नमस्काराला वाकली तर राहील, नाही वाकली तर जत्रेला जाईल.

किशोर म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. त्याने लहानपणापासून मैनेला गूळ चारलेला, त्यामुळे घोडी हवी तर हीच, असा त्याचा हट्ट. त्याची आई अनिता कशीबशी तयार झाली. पण पंढरीभावजी, आमचे थोरले चुलत दीर, ओटीवर बसून म्हणाले, "घोडी येऊ दे. दोर संदेशच्या हातात. हिराबायला सांगून ठेवा."

सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं. हिराबाईंनी ऐकून घेतलं आणि सुपातले वाल निवडत बसल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

लग्नाला चार दिवस होते. थंडीत मी बाहेरच्या चुलीवर भाकऱ्या करते. नाचणीची भाकरी थापत होते, सहज वर पाहिलं तर कुंपणापलीकडे मैनेची मान खाली. थापणं थांबलं, मान वर. पुन्हा थापलं, पुन्हा खाली! माझे हात पिठातच राहिले. गोठ्याच्या दारात हिराबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"वयनी, तुमच्या चुलीला पण देव मानते बघा ती."

"हे काय आहे हो?"

"काय नाय. आमचे हे देवळापाशी वरात थांबली की तंबाखू मळायचे. मळून झाली की चुना झाडायला तीन थापा. मग दुसऱ्या खिशातून गूळ काढून खाली धरायचे. थाप पडली की गूळ आला, एवढंच तिला ठावं. एकदा लोकांनी बघितलं नि हात जोडले. हे मिशीत हसायचे."

मला माझ्या वहीतली तीन पानं आठवली.

"मग संदेशला सांगा ना! तीन थापा मारेल, झालं."

"सांगितलं की दोर त्याचा झाला. तो काय, उद्या थापांसकट घोडी विकेल."

"पण हिराबाई, लोक देव समजून हात जोडतात. फसवणूक नाही का ती?"

त्यांचं हसू गेलं. "मला इचारलं कोणी? हात जोडले तेव्हा नाय इचारलं, नि माझ्या हातातून दोर काढला तेव्हा पण नाय इचारलं."

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. घट मांडला, पोथी वाचली, पण लक्ष लागेना. घरात सांगावं की नाही? आरती झाली, नारळ वाढवला, आणि मी गप्प राहिले. देवाला वाटलं असतं तर त्याने माझं तोंड उघडलं असतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी वरात निघाली. बेंजो पुढे, मागे दोर धरून संदेश, मैनेवर फेटा बांधलेला किशोर. हिराबाई सगळ्यांच्या मागे, बाजीला घेऊन. मारुतीसमोर वरात थांबली. किशोर उतरून पाया पडून आला, पुन्हा वर बसला. आता सगळ्यांचे डोळे मैनेवर.

मैना उभी. संदेशने दोर ओढला, चुचकारलं, मान हाताने खाली दाबून पाहिली. मैनेने शेपूट उचललं आणि पंढरीभावजींच्या नव्या चपलांपुढे लीद टाकली. पोरं हसली. बेंजो बंद पडला. अनिताचा चेहरा उतरला. "ताई," तिने माझा हात धरला, "अपशकुन तर नाय ना गो हा?"

मी देवळासमोरच्या पिंपळाकडे पाहिलं. हिराबाई पारावर बसल्या होत्या, बाजीच्या कानामागे खाजवत.

किशोरच घोडीवरून ओरडला, "काकू, या ना तुमी!"

हिराबाई सावकाश उठल्या. गर्दीतून पुढे आल्या, पण दोर घेतला नाही. "येते. पण एकदा धरला की मांडवाच्या दारापर्यंत माझ्याच हातात ऱ्हाईल. मधेच कोणाच्या हातात देणार नाय."

"अहो, पण रीत..." पंढरीभावजी म्हणाले.

"मग रीतीला सांगा घोडी वाकवायला."

मैनेने फुरफुर केली. अनिता पुढे झाली, संदेशच्या हातातून दोर घेतला आणि हिराबाईंच्या हातात दिला. "धरा, काकू. माझा पोरगा उन्हात बसलाय."

हिराबाईंनी डावा तळवा उघडला. रिकामाच होता. त्यावर उजव्या हाताने तीन थापा मारल्या, जशा विठूभाऊ मारायचे. मैनेची मान खाली गेली, पार मातीपर्यंत. बायांनी हात जोडले. पोरांनी बजरंगबलीचा जयजयकार केला. बेंजो असा काही वाजायला लागला की बाजी भुंकत देवळामागे पळाला. हिराबाईंनी कमरेचा गूळ काढून मैनेच्या तोंडाशी धरला.

"काय केलंत हो?" पंढरीभावजींनी हळूच विचारलं.

"हाक मारली. पांढऱ्या कपाळाची पण ऐकतो तो."

मग त्या पुढे चालल्या. मांडवापर्यंत सबंध गाव त्यांच्या मागे होतं. मांडवाच्या दाराशी घोडीला हळदकुंकू लावतात, ते सवाष्णीने लावायचं, यंदा मान माझा होता. मी ताट घेऊन पुढे गेले. हिराबाई रीतीप्रमाणे बाजूला सरकायला हव्या होत्या. त्या सरकल्या नाहीत. माझ्याकडे नुसतं बघत राहिल्या. मी ताट त्यांच्या पुढे धरलं. त्यांनी बोट बुडवलं आणि मैनेच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. मागे पंढरीभावजी दोनदा खोकले. खोकू देत.

पौषात म्हसाच्या जत्रेला मायलेक दोघंही गेली. मैना घरीच होती, तिला पेंढा मी टाकला. संध्याकाळी परतली तेव्हा संदेशच्या खांद्यावर काळं घोंगडं होतं. मैनेच्या पाठीवर टाकायला, आईने हट्टाने घ्यायला लावलं, म्हणाला. पहिल्याच रात्री बाजीने त्यातलं अर्धं पळवलं.

वहीतली ती तीन पानं मी खोडली नाहीत. चौथं लिहिलं.

आज सकाळी पंढरीभावजी कुंपणापाशी आले होते. त्यांच्या लेकीचं, भूमिकाचं लग्न माघात आहे. जावई घोडीवरून मारुतीला यावा अशी इच्छा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "हिराबाय, तेवढी घोडी पाठवा."

हिराबाईंनी घमेलं खाली ठेवलं.

"घोडी पाठवत नाय आमी. बोलवायचं तर दोघींना बोलवा."

भावजी खोकले. मग म्हणाले, "बरं. दोघी या."