धोंडबाला मारलेली थापड

देवराव मूळचा तुमसरकडचा शेतकरी, पण यंत्राची भारी हौस. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला तसा तो इकडे आला आणि बगीचा विभागाच्या छोट्या ट्रॅक्टरवर बसला. नव्या क्वार्टरांपुढची जमीन नांगरायची, हिरवळ कापायची, हे त्याचं काम. ट्रॅक्टर खोलायचा-जोडायचाही त्यानंच. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे.

एकसष्ट सालच्या मार्चात हा ट्रॅक्टर तापायला लागला. रस्त्यावर पळवला तर ठीक. मैदानात सावकाश गवत कापलं की अर्ध्या तासात काटा लाल रेघेवर. एका दुपारी रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ फुसफुसत बाहेर पडली आणि इंजिन बंद पडलं.

रेडिएटरमध्ये पाणी भरायचं काम धोंडबाकडे होतं. पन्नाशी उलटलेला, कॅम्प-१ या मजूरवस्तीत राहणारा, मोजकं बोलणारा माणूस.

"सकाळी पानी भरलं होतं का?" देवराव ओरडला.

"गळ्यापर्यंत भरलं होतं."

"मंग हे कायले उकळून राहिलं? तोंडावर खोटं बोलते!"

आणि देवरावचा हात उठला. थापडेचा आवाज साऱ्या मैदानात गेला. गवत गोळा करणाऱ्या बाया वाकल्या होत्या तशाच थबकल्या. धोंडबानं खाली पडलेली टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि तो चालू लागला. संध्याकाळी मुकादम शेषरावनं त्याचं नाव हजेरीतून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी देवरावनं स्वतः काठोकाठ पाणी भरलं. अर्ध्या तासात काटा परत लाल रेघेवर.

त्यानं रबरी नळ्या पाहिल्या, एकही फुटली नव्हती. पट्टा ताणून पाहिला, तो घट्ट होता. रेडिएटर उतरवून उलट्या बाजूनं पाणी सोडलं. थोडा गंज निघाला, बस. चार दिवस तो झटत राहिला आणि चारही दिवस इंजिन तापत राहिलं.

पाचव्या दिवशी गवतवाल्या बायांपैकी रंभा जवळ आली. "देवरावभाऊ, एक सांगू का? पहिले या समोरच्या जाळीले रोज कचरा चिकटे. मीच झाडत जाई. होळीपासून काहीच चिकटत नाही."

"होळीपासून?"

"हो ना. मले वाटलं, तुमी काही सुधारणा केली."

देवराव आठवू लागला. होळीच्या आदल्या दिवशी पाण्याचा पंप गळत होता म्हणून त्यानं पंखा काढला होता. घाईघाईत परत बसवलाही होता. त्यानं इंजिन सुरू केलं आणि वर्तमानपत्राचा कागद जाळीसमोर धरला. मागच्या पंख्यानं हवा ओढून कागद जाळीला चपकन चिकटायला हवा. कागद जरासा हलला आणि घसरून त्याच्या पायांवर पडला.

इंजिन बंद करून त्यानं आत डोकं घातलं. पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला होता. पंख्याची भोकं दोन्हीकडून सारखीच. तो उलटाही बसतो, फिरतोही, फक्त हवा नीट ओढत नाही. पाण्याचा काही दोष नव्हता. धोंडबाचा तर नव्हताच.

देवरावनं डोकं बाहेर काढलं. रंभा काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हललेले त्याला दिसले, शब्द पोचले नाहीत. बापाच्या वयाच्या माणसावर आपण हात टाकला. तो खरं बोलत होता, आणि चूक ह्याच हातानं केली होती. त्यानं हात उलटासुलटा करून पाहिला. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

पंखा सुलटा बसवायला वीस मिनिटं लागली. मग तासभर गवत कापलं. काटा मधोमध, जागचा हलला नाही.

काम सुटताच तो तडक कॅम्प-१ ला गेला. धोंडबा दारातल्या खाटेवर बसला होता. त्याची बायको मैनाबाई तांदूळ निवडत होती; देवरावला पाहताच सूप घेऊन आत निघून गेली.

"काका, पंखा मी उलटा बसवला होता. तुमची काहीच चूक नव्हती. मले माफ करा."

धोंडबा खाटेवरून उठला नाही. "थापड मारली चारचौघांत. अन् माफी मागाले घरी आला?"

हे देवरावच्या मनातच आलं नव्हतं.

सकाळी हजेरीच्या वेळी, शेषराव नावं पुकारत असताना, तो सगळ्या बायांसमोर उभा राहिला. "इंजिन माझ्या चुकीनं तापत होतं. धोंडबाकाकाले मी बिनकसूर मारलं." शेषरावनं मान खाली घालून धोंडबाचं नाव परत लिहिलं.

निरोप गेला आणि सोमवारी धोंडबा आला. ट्रॅक्टरकडे न बघता तो सरळ रोपांच्या वाफ्याकडे गेला आणि शेषरावला म्हणाला, "मले इथंच काम द्या."

ते त्याला मिळालं. देवरावनं रोज रामराम घातला. धोंडबानं उत्तर दिलं ते आषाढ लागल्यावर, आणि तेही मान किंचित हलवून.