फुईचं भूत आणि भरीत

खान्देशात भुतांवर इतकं प्रेम करणारी बाई दुसरी झाली नसेल. ही माझी आत्या. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. फुवा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर जळगावच्या घरात एकटी राहून ती कॉलेजातल्या पोरांसाठी कादंबरी लिहायला बसली. गावाकडे ऐकलेलं विहिरीतलं भूत आणि त्याच्या प्रेमात पडलेली मुलगी, अशी गोष्ट. पुण्याच्या प्रकाशकानं बजावलं होतं, प्रेम आणि भीती सारखी भरली तरच छापू. फुईनं हे वाक्य फारच मनावर घेतलं. हिवाळ्यात ती आम्हाला गच्चीवर भरीत-पुरीला बोलवी आणि वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून झाली की प्रकरण वाचायला घेई. तिचा हिशेब सरळ होता. प्रेमाच्या जागी माणसानं भरीत पुन्हा वाढून घ्यावं, भीतीच्या जागी घास हातातच राहावा. शेजारचे नाना भुतानं मान मुरगळली तरी जेवत राहिले, तेव्हा तिनं ते प्रकरण नापास केलं. पुढच्या खेपेला साहित्याला न्याय मिळावा म्हणून भरीत मुद्दाम अळणी केलं, तर प्रेमसुद्धा नापास झालं. नानांची नात तेवढी खूश होती. "आजी, या भुताचा नंबर मिळेल का?" असं तिनं विचारल्यावर फुई दोन दिवस जेवली नाही.

शेवटच्या प्रकरणात मात्र तिनं कसर ठेवली नाही. उलटे पाय, पांढरे डोळे, मुलीच्या मनगटावर गार हात. नानांचासुद्धा घास थांबला. तेवढ्यात भुतानं मुलीला आमच्या अहिराणीत जेवणाचं विचारलं, "जेवनी का तू?" आणि सगळे पुन्हा भरितावर तुटून पडले.

"फुई, हे वाक्य काढ," मी म्हणालो. "सगळी भीती त्यानं जाते."

"पाय सरळ कर, डोया काढी टाक, पाहिजे ते बठ्ठं कर," ती म्हणाली. "ते वाक्य राहू दे."

डाळमिलमधून आल्यावर फुवा चपला काढायच्या आधी दारातून हेच विचारायचे.

वाक्य राहिलं, हस्तलिखित परत आलं. परवा धुळ्याहून तिच्याकडे गेलो. दार उघडंच होतं, ती पाठमोरी भाकरी थापत होती. सहज मी उंबऱ्यातूनच विचारलं, "जेवनी का?"

तिच्या हातातली भाकरी पडली. एवढी घाबरलेली फुई मी कधी पाहिली नव्हती. ती वळली, मी आहे हे तिनं पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्याआधी क्षणभर ती हसली होती.