वधूपक्षाच्या खोलीतली आठवी

शाळेचा स्लॅब किती वर्षं गळत होता, पण दुरुस्तीचा निर्णय झाला तो ऐन एप्रिलमध्ये, आणि तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. इमारत रिकामी करायची हे ठरलं. मुलं कुठं बसवायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी पनवेलच्या त्या शाळेत आठवीला गणित शिकवते. स्वभाव मुळातच तापट, त्यात उन्हाळा. मोजायची टेप पर्समध्ये टाकून गावभर हिंडत होते. नवीन पनवेलच्या एका सोसायटीनं क्लबहाऊस देतो म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, एवढी मुलं चपला कुठं काढणार? ‘डोक्यावर घेऊन बसतील,’ असं मी तोंडावर बोलून आले. ती जागा माझ्या जिभेमुळे गेली, असं आमचे मुख्याध्यापक सर अजून म्हणतात. म्हणू देत.

शेवटी शेजारच्या शाळेनं आपले वर्ग दुपारपुरते दिले, कारण त्यांची शाळा सकाळी भरते. तरी आमचे दोन वर्ग उरलेच. त्यांच्यासाठी एक मंगल कार्यालय मिळालं, तेही फक्त सकाळी, दुपारनंतर तिथं बारशी आणि डोहाळजेवणं चालायची. आता ते सकाळचे दोन वर्ग कुठले, यावर शिक्षकांच्या बैठकीत जुंपली. पाचवी-सहावीच्या पालकांना सकाळच हवी होती, ऑफिसला जाता जाता मुलं सोडता येतात म्हणून. मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, एक वर्ग आठवीचा, बाकीचं तुम्ही बघा.

त्याला कारण होतं माझ्या वर्गातली एक मुलगी. ती उरणच्या बाजूच्या, खाडीकाठच्या गावातली. गावातली शाळा सातवीपर्यंतच. तिची आई रोज पहाटे मासळी घेऊन टेम्पोनं पनवेलच्या बाजारात येते, दुपारी माल संपला की परत जाते. मुलगी आईबरोबर यायची, आईबरोबर जायची, एवढ्याच बोलीवर घरच्यांनी तिला आठवीत घातलं होतं. शाळा दुपारची झाली असती तर अंधारात ती एकटी परत कशी जाणार? बापानं दुसऱ्याच दिवशी नाव काढलं असतं. गणितात एवढी तल्लख पोर मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. मला ती सोडायची नव्हती, बस्स.

सर पंचांग घेऊनच बसले होते. ‘आषाढी एकादशीला हलायचं, तुळशीच्या लग्नाआधी परत यायचं. चातुर्मासात कोण लग्न करतंय?’ आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठकीत एकजण असा नव्हता ज्याच्या घरी चातुर्मासात लग्न झालंय. कार्यालयाच्या मॅनेजरला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ठेकेदारानं ‘दिवाळीपर्यंत देतो’ म्हटलं तेही आम्ही खरं मानलं, इतके आम्ही हुशार.

आठवीला मिळाली वधूपक्षाची खोली. भिंतभर आरसा, भोवती बल्ब. मुली वह्या सोडून आरशात बघायच्या आणि मुलं मुलींहून जास्त. मी आरशावर जुनी चादर लावली. फळा खुर्चीवर टेकवून शिकवायचे, तो दर थोड्या वेळानं घसरायचा. तरी वर्ग चालला होता. ती मुलगी पहिल्या रांगेत बसायची आणि माझं गणित माझ्याआधी सोडवून मोकळी व्हायची.

मग श्रावणात मॅनेजरचा फोन आला. उद्या हॉल मिळणार नाही, लग्न आहे.

‘अहो, चातुर्मासात?’

‘बाई, हल्ली काढीव मुहूर्त असतात. मुलगा परदेशातून चार दिवसांसाठी येतो, तो काय तुळशीच्या लग्नासाठी थांबणार? आणखीही दोन-तीन आहेत पुढे.’

तळपायाची आग मस्तकात गेली, पण चूक आमची होती. सरांनी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, उद्या आठवी दुपारी, शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात. त्या मुलीच्या घरचा फोन बापाबरोबर बोटीवर असतो, हे मला माहीत होतं. माहीत असून मला त्या गडबडीत सुचलं नाही. दुपारी ती दिसली नाही, दुसऱ्या दिवशी आली. मी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा लग्न, पुन्हा तसंच. त्यानंतर ती यायचीच बंद झाली.

तीन दिवस मी वाट पाहिली, चौथ्या दिवशी बाजार गाठला. आई पाटीपुढे बसली होती, पोरगी शेजारी बोंबील निवडत होती. मला बघून पोरीनं मान खाली घातली.

‘बाय, तुमची शाला हाय का लग्नाचा हॉल?’ आई सुरीवरून नजर न काढता म्हणाली. ‘पोर दोनदा दारावरशी परत आली. दुसऱ्या टायमाला वॉचमन काय बोल्ला, इचारा तिला. जेवान बारा वाजता, तवा मागच्या दारानं ये, असा बोल्ला. दप्तर पाठीला व्हता तरी. आमी मावरा इकतो, उष्टा मागत नाय.’

लाज वाटली आणि त्या वॉचमनपेक्षा स्वतःचा जास्त राग आला. गल्लोगल्ली टेप लावत फिरले, आणि जिच्यासाठी एवढं केलं तिला ‘आज वर्ग कुठं’ एवढं सांगायची सोय केली नाही.

‘उद्यापासून मी इथं येते,’ मी म्हटलं. ‘सकाळी, रोज. वर्ग हॉलमध्ये असो, देवळात असो, नाहीतर माझ्या घरात. दुपारचा नसणार. तिला माझ्याबरोबर नेते, सुटल्यावर इथंच आणून सोडते.’

‘रोज?’

‘रोज.’

गिऱ्हाईक आलं, आईनं सुरमई उचलली. हो म्हणाली की नाही, ते कळलंच नाही मला.

दुसऱ्या दिवशी नेमकं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी गणपतीच्या देवळाच्या विश्वस्तांच्या हातापाया पडून सभामंडप दहापर्यंत मागून घेतला होता. बाजारात पोचले तर पोरगी दप्तर पाठीला लावून उभी. मला एवढं हायसं वाटलं! तिच्या शेजारी आणखी दोघी उभ्या होत्या, तिच्याहून थोराड, हातात प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिशव्यांत वह्या.

‘या कोण?’

‘गावातल्या. सातवी झाली नि घरी बसल्या,’ आई म्हणाली. ‘आया सोडीत नव्हत्या, एकल्या कशा जातील बोलून. मी सांगितला, आता बाई सोता न्यायला येते.’

मी तिथूनच सरांना फोन लावला. ‘सर, आठवीचा पट दोननं वाढला.’

‘अहो, आहेत त्यांना जागा नाही! या दोघींना बसवणार कुठं?’

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. आज वर्ग कुठं आहे ते पोरींना कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिघी दप्तर-पिशव्या सावरत पुढे चालायला लागल्या होत्या.